बारावीनंतर सार्वजनिक धोरण आणि नेतृत्वाचे शिक्षण : खान्देशातील मुलामुलींनी कोठे घ्यावे?

तापीकाठ (रावेर)

सर्व सदस्यांना नमस्कार. माझी पुतणी यंदा विज्ञान शाखेतून बारावीची परीक्षा देत असून तिने गणित घेतले आहे. घरातील सर्वांनी इंजिनिअरिंग गृहीत धरले होते. मात्र तिला पब्लिक पॉलिसी, म्हणजे सार्वजनिक धोरण, या विषयात पदवी घ्यायची आहे, असे तिने दिवाळीत स्पष्ट सांगितले. हा विचार तिच्या मनात केळीच्या विम्यामुळे आला. आमच्या आणि शेजारच्या गावातील बागांना एकाच आठवड्यात सारखाच उन्हाचा तडाखा बसला, परंतु भरपाई एकाच गावाला मिळाली. तिने शासन निर्णय मिळवून वाचला आणि आम्हाला समजावून सांगितले की हवामान आधारित फळपीक विम्यात बागेची पाहणी करून नव्हे, तर महसूल मंडळासाठी नेमलेल्या हवामान केंद्रावरील नोंदीवरून भरपाई ठरते, आणि आमची दोन गावे दोन वेगळ्या मंडळांत येतात. हा नियम कोणी ठरवला, दुसरा पर्याय होता का, केंद्रे वाढवली तर खर्च किती येईल, असे प्रश्न ती तेव्हापासून विचारत आहे.

मला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. या विषयाची पदवी बारावीनंतर लगेच घ्यावी की आधी अर्थशास्त्र अथवा राज्यशास्त्र शिकावे? वर्षाला राहण्याजेवणासह दीड लाखापर्यंत खर्च करू शकणाऱ्या शेतकरी कुटुंबाला कोणते पर्याय आहेत? आणि पुढे पोट भरेल असे काम मिळते का?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

मुलीला प्रशासनात जायचे असेल, तर केंद्रीय लोकसेवा आयोग असो वा राज्य लोकसेवा आयोग, कोणत्याही शाखेची पदवी चालते. मग नवख्या नावाच्या पदवीत पैसे कशासाठी घालवायचे? इंजिनिअरिंग करू द्यावे, म्हणजे परीक्षेत यश आले नाही तरी हाताशी नोकरीचे साधन राहील.

सातपुडा_पायथा (धडगाव)

गिरणाकाठ दादा, मूळ प्रश्नात स्पर्धा परीक्षेचा उल्लेखच नाही. अधिकारी होणे आणि धोरण समजून घेणे या दोन वाटा आहेत. त्या पुढे एकत्र येऊ शकतात, पण येतीलच असे नाही. लोकप्रशासन या विषयात सरकारी यंत्रणा कशी चालते हे प्रामुख्याने शिकवतात. सार्वजनिक धोरणाच्या अभ्यासात मात्र अनेक मार्गांपैकी हाच का निवडला, त्याचा भार कोणावर पडला, लाभ कोणाला झाला आणि ठरवलेला परिणाम खरोखर दिसला का, हे तपासावे लागते, आणि त्यासाठी अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, कायदा आणि गावात जाऊन माणसांशी बोलण्याची सवय हे सारे लागते. ती मुलगी नेमके हेच करत आहे.

मी अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांत ग्रामसभांबरोबर काम करतो. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार सामूहिक वनसंपत्तीचा दावा ‘फॉर्म क’ मध्ये भरायचा असतो. वनहक्क समितीत १० ते १५ सदस्य आणि त्यांत किमान एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. दावा ग्रामसभेतून उपविभागीय समितीकडे आणि तेथून जिल्हा समितीकडे जातो. कागदावर हा प्रवास अगदी सरळ आहे. प्रत्यक्षात पाड्यावरील वृद्ध माणूस हद्द दाखवताना नाला, महूचे झाड आणि देवाचे ठाणे सांगतो, आणि नकाशा मात्र वनखात्याच्या कंपार्टमेंट (वनखंड) क्रमांकाने बोलतो. या दोहोंचा मेळ घालणारा माणूस आम्हाला फार कष्टाने मिळतो. बाहेरून येणाऱ्या पदवीधरांना कायद्याची कलमे पाठ असतात, पण पावरी किंवा भिलोरी समजत नाही. आपल्या मुलांना भाषा येते, परंतु कलम शोधून अर्जात लिहिण्याचा सराव नसतो. ही उणीव आपल्याच भागातील मुलींनी भरून काढावी, असे मला मनापासून वाटते.

पुण्यातला_खान्देशी

मी मूळचा पारोळ्याचा. पुण्यात अर्थशास्त्राची पदवी घेऊन आता एका संशोधन संस्थेत काम करतो. पर्यायांबद्दल मला असलेली माहिती देतो.

‘पब्लिक पॉलिसी’ हेच नाव असलेली पदवी आपल्याकडे मुख्यतः खासगी विद्यापीठांत मिळते. पुण्याच्या फ्लेम विद्यापीठात तो मुख्य विषय म्हणून घेता येतो, सोनीपतच्या जिंदल विद्यापीठात धोरणविषयक स्वतंत्र विभाग आहे, आणि पुण्याच्याच एमआयटी विश्वशांती विद्यापीठात राज्यकारभार व प्रशासन या विषयाची बी.ए. पदवी आहे. यांपैकी बहुतेकांचे शुल्क आपण सांगितलेल्या मर्यादेत बसणार नाही, त्यामुळे शिष्यवृत्तीचे लेखी पत्र हाती आल्याशिवाय तिकडे पैसे भरू नयेत.

माझ्या मते पदवीला एक पक्का विषय घ्यावा आणि धोरणाचे विशेष शिक्षण पदव्युत्तर स्तरावर घ्यावे. मुलीने गणित घेतले आहे, ही फार मोठी जमेची बाजू आहे. गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० पासून पुण्यात आहे आणि तेथे अर्थशास्त्राची बी.एस्सी. करता येते. दिल्ली विद्यापीठातील बी.ए. ऑनर्स अर्थशास्त्रासाठी सीयूईटी या केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेत गणिताचा पेपर द्यावाच लागतो, म्हणून कला शाखेतील अनेक हुशार मुले तेथे अर्जच करू शकत नाहीत. शुल्क कमी असणाऱ्या केंद्रीय विद्यापीठांत हैदराबाद विद्यापीठाचा सामाजिक शास्त्रांतील ५ वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रमही चांगला आहे. बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा वेगळी असते. तेथे कुटुंबाच्या उत्पन्नानुसार शुल्कात, आणि गरज असल्यास निवास व भोजनातही सवलत मिळते, त्यामुळे छापील शुल्क पाहून माघार घेऊ नये.

धुळेकर_वकील

कायद्याचा पर्याय कोणी अजून मांडला नाही, म्हणून लिहितो. धोरण शेवटी अधिनियम, नियम, अधिसूचना किंवा शासन निर्णय या रूपातच गावात पोहोचते, आणि त्यांतील कोणते कोणाला बांधील आहे हे ज्याला कळत नाही, त्याचे विश्लेषण अपुरे राहते. क्लॅट परीक्षेतून मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठांत ५ वर्षांचा अभ्यासक्रम करता येतो. बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०२५ पासून ४ वर्षांची बी.ए. ऑनर्स पदवीही सुरू केली आहे. वकिलीची सनद हे स्वतंत्र उपजीविकेचे साधन आहे. काम मिळेल का, या आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे हे माझ्या परीने उत्तर.

अमळनेरकर (निवृत्त प्राध्यापक)

वरील सर्व मते वाचली. परंतु चर्चेत जळगाव, धुळे, नंदुरबार येथील महाविद्यालयांचा उल्लेखही नसावा, याचे वाईट वाटते. आपले उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० साली स्थापन झाले, ते याच भागातील मुलांना पुण्याकडे पाहत बसावे लागू नये म्हणून. जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय १९४४ पासून उभे आहे आणि अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयाची परंपराही मोठी आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय घेता येतो. अर्थशास्त्र मुख्य आणि राज्यशास्त्र किंवा संख्याशास्त्र दुय्यम अशी जोडी जेथे उपलब्ध असेल तेथे ती घ्यावी, चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करावे, आणि प्रकल्पासाठी आपल्याच गावाचा विकास आराखडा निवडावा. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळातील निधीपैकी ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठी बंधित आणि ४० टक्के अबंधित होती. ती गावात कशावर खर्च झाली, एवढाच प्रश्न घेऊन एखादी विद्यार्थिनी वर्षभर ग्रामपंचायतीचे दप्तर वाचत बसली, तर कोणत्याही महागड्या वर्गाहून अधिक शिकेल.

नेतृत्वाविषयी थोडे अधिक लिहितो, कारण धाग्याच्या शीर्षकात तो शब्द असूनही त्यावर कोणी बोललेले नाही. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन झाले, ते खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन. पंडित नेहरू अध्यक्ष होते आणि शेतकऱ्यांच्या प्रश्नांवरील कार्यक्रम तेथे मांडला गेला. पण ते पार पडले ते गावोगाव फिरून माणसे जमवणाऱ्या, पाणी, निवारा आणि स्वयंपाकाची व्यवस्था पाहणाऱ्या स्वयंसेवकांमुळे, आणि त्या कामात साने गुरुजीही होते. ठरलेले काम वेळेवर, सर्वांना बरोबर घेऊन, हिशेब चोख ठेवून पार पाडणे म्हणजे नेतृत्व, असे मी मानतो. ते राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात शिकता येते आणि त्यासाठी वेगळे शुल्क लागत नाही.

शहाद्याची_लेक

सरांविषयी पूर्ण आदर ठेवून मतभेद नोंदवते. मी पदवीची तीन वर्षे जिल्ह्यातच शिकले. प्राध्यापक चांगले होते, पण काही विषयांची पदे रिक्त असल्यामुळे आमचे कित्येक तास झालेच नाहीत, आणि मुख्य–दुय्यम विषयांची जी जोडी कागदावर दिसते ती शिकवणारा शिक्षक असेल तरच मिळते. म्हणून प्रवेशापूर्वी महाविद्यालयात जाऊन दोन गोष्टी विचाराव्यात : या विषयाला पूर्णवेळ प्राध्यापक किती आहेत, आणि मागील वर्षी चौथ्या वर्षाचा वर्ग प्रत्यक्ष भरला का?

दुसरा मुद्दा मुलींचा आहे. मुलगी बाहेर शिकायला गेली की अनोळखी शहरात बँकेचे खाते उघडण्यापासून वसतिगृहातील वाद मिटवण्यापर्यंत सर्व स्वतः करते, आणि तोही नेतृत्वाचाच अभ्यास असतो. महाराष्ट्रात पंचायत राज संस्थांमध्ये महिलांना ५० टक्के आरक्षण २०११ पासून आहे. आमच्या तालुक्यात अनेक महिला सरपंच आहेत. मात्र ग्रामसभेत अंदाजपत्रकावर प्रश्न आला की त्यांच्या मागे बसलेला पुरुष उत्तर देतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्या बाईंना संधी कायद्याने मिळाली, सराव मात्र कोणी दिला नाही. मुलींना विसाव्या वर्षापर्यंत स्वतः निर्णय घेऊन निभावण्याची सवय लागली, तर पुढे खुर्चीवर बसून उत्तरही त्याच देतील.

आणखी एक. शहादा तालुक्यातील टेंभली येथे २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिली आधार पत्रे देण्यात आली. ज्या पाड्यावर नेटवर्क पोहोचत नाही तेथे बोटाचा ठसा देऊन रेशन घेणे कसे जमते, यावर आपल्याच एखाद्या विद्यार्थिनीने काम करावे, अशी माझी फार इच्छा आहे.

बनाना_सिटी (भुसावळ)

शहाद्याच्या ताईंशी पूर्ण सहमत. रिक्त पदांची चौकशी सर्वांत आधी करावी.

दूरदेशी (मूळ शिरपूर, सध्या अमेरिका)

येथील रचना समजल्यास भारतातील पर्याय तोलणे सोपे जाईल. व्हर्जिनिया विद्यापीठातील बॅटन स्कूल २००७ साली स्थापन झाले आणि तेथे पदवी स्तरावर सार्वजनिक धोरण व नेतृत्व हे विषय एकत्र शिकवतात. ड्यूक विद्यापीठाच्या सॅनफर्ड स्कूलमध्येही धोरण हा पदवीचा मुख्य विषय आहे. प्रिन्स्टनमध्ये विद्यार्थी सुरुवातीला अर्थशास्त्र, इतिहास, संख्याशास्त्र असे विषय घेतात आणि दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस धोरणाकडे वळतात. तिसऱ्या वर्षी त्यांचा एक गट एखादा चालू प्रश्न घेऊन त्यावर शिफारशींचा अहवाल तयार करतो. पाया आधी, धोरण नंतर हा क्रम तेथेही पाळला जातो. प्रिन्स्टनमध्ये परदेशी विद्यार्थ्यांची आर्थिक गरज पाहून प्रवेश नाकारला जात नाही, परंतु निवड अत्यंत कठोर असते, म्हणून त्या एकाच अर्जावर विसंबून राहू नये.

अहवाल लिहिण्याच्या सरावाला मी सर्वाधिक महत्त्व देईन. शिरपूर तालुक्यात नाले रुंद आणि खोल करून बंधारे बांधण्याचे जे काम झाले, त्याची राज्यभर चर्चा झाली. काहींनी तेच सर्वत्र करावे असा आग्रह धरला, तर काही भूजल अभ्यासकांनी प्रत्येक ठिकाणचा खडक आणि गाळाचा थर वेगळा असतो, याकडे लक्ष वेधले. एका ठिकाणी यशस्वी झालेली योजना दुसरीकडे कोणत्या अटींवर चालेल, हे चार पानांत पुराव्यानिशी लिहिता येणे हेच या विषयातील खरे कसब आहे.

सातपुडा_पायथा (धडगाव)

दूरदेशी यांच्या मुद्द्याला साक्री तालुक्यातील बारीपाड्याचे उदाहरण जोडतो. तेथील गावकऱ्यांनी चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने जंगल राखले, चराई आणि तोडीचे नियम स्वतः ठरवले आणि ते मोडणाऱ्याला दंडही केला. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. अनेक गावे बारीपाडा पाहायला जातात, पण परत येऊन झाडे लावण्याचाच विचार करतात. नियम कसे ठरले आणि ते सर्वांनी का पाळले, हे विचारणारे थोडे असतात. अमळनेरकर सरांनी सांगितलेले नेतृत्व येथे पाहायला मिळते. शहाद्याच्या ताईंनी सांगितलेला सराव महिलांना तेथे कितपत मिळाला, हेही जाऊन विचारण्यासारखे आहे.

तापीकाठ (रावेर)

सर्वांचे मनापासून आभार. पुतणीने हा धागा स्वतः दोनदा वाचला. तिच्या वडिलांची मुख्य चिंता पैशांची आहे. महाडीबीटीवर (राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर) सर्व शुल्क माफ होते, तर दूर कशाला जायचे, असे त्यांना कोणीतरी सांगितले आहे. यावर कोणी प्रकाश टाकेल का?

सेतू_सेवक (जळगाव)

मी शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देण्याचे काम करतो. २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना मिळणारी पूर्ण शुल्कमाफी व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशाला आहे. साध्या बी.ए. किंवा बी.एस्सी.ला ती लागू होत नाही. राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीचा लाभही राज्यातील प्रवेशालाच मिळतो. त्यामुळे दिल्ली किंवा बंगळुरूला जाताना महाडीबीटीचा हिशेब धरू नये.

बाहेर प्रवेश मिळाल्यास प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजना पाहावी. निवडक दर्जेदार संस्थांसाठी तारण आणि जामीनदार न मागता कर्ज मिळते, आणि कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असून दुसरी शिष्यवृत्ती नसेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षण चालू असताना व्याजात ३ टक्के सवलत मिळते. आपली संस्था यादीत आहे का, हे अर्ज करण्याआधीच पाहून ठेवावे. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना वसतिगृह न मिळाल्यास स्वयम् योजनेतून, आणि अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून निवास व भोजनासाठी रक्कम मिळते. हा धागा नंदुरबारची मुलेही वाचत असतील, म्हणून लिहिले.

पुण्यातला_खान्देशी

कामाच्या प्रश्नावर लिहायचे राहिले होते. पदवीनंतर लगेच मोठ्या पगाराची अपेक्षा ठेवू नये, पण मार्ग आहेत. संसदेच्या कामकाजाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस या संस्थेच्या लॅम्प फेलोशिपमध्ये २५ वर्षांपर्यंतचे पदवीधर एका खासदाराबरोबर काम करतात. संसदेतील प्रश्न, विधेयकांवरील टिपणे, भाषणांसाठी लागणारी माहिती हे सर्व त्यांना तयार करावे लागते. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री फेलोशिपसाठी वय २१ ते २६, पदवीला ६० टक्के गुण, मराठीचे ज्ञान आणि एक वर्षाचा अनुभव मागतात. एसबीआय यूथ फॉर इंडिया ही १३ महिन्यांची ग्रामीण फेलोशिप आहे. नंदुरबार २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित (म्हणजे विकासात मागे राहिलेल्या) जिल्ह्यांच्या यादीत असल्याने आरोग्य, पोषण आणि शिक्षण यांवर काम करणाऱ्या संस्थांना तेथे माणसे लागतात. जिला तक्ते वाचता येतात, मराठीत आणि इंग्रजीत टिपण लिहिता येते आणि पाड्यावर मुक्काम करता येतो, तिला काम शोधत फिरावे लागत नाही, हा माझ्या बरोबरीच्या अनेकांचा अनुभव आहे.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

फेलोशिप वर्षा-दोन वर्षांत संपतात, त्यानंतर काय, हा माझा प्रश्न कायम आहे. शेतकऱ्याच्या घरात चोविसाव्या वर्षी पुन्हा शून्यापासून सुरुवात परवडत नाही. अर्थशास्त्राची पदवी घेतली तर बँक, अध्यापन आणि स्पर्धा परीक्षा हे तिन्ही मार्ग उघडे राहतात, म्हणून त्या पर्यायाला माझी संमती आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली आहे, त्यामुळे धोरणावर लिहिण्याचा सराव तेथेही वाया जाणार नाही. ज्या पदवीचे नाव बँकेच्या व्यवस्थापकाला समजावून सांगावे लागते, तिच्यासाठी कर्ज काढू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

धुळेकर_वकील

गिरणाकाठ भाऊंची चिंता रास्त आहे. म्हणूनच प्रवेश घेतानाच चौथ्या किंवा पाचव्या वर्षानंतरची पायरी ठरवून ठेवावी. ४ वर्षांची पदवी घेतल्यास अनेक ठिकाणी पदव्युत्तर शिक्षण एका वर्षात पूर्ण करता येते, म्हणजे एकूण कालावधी वाढत नाही.

तापीकाठ (रावेर)

काल रात्री पुतणी, तिचे आईवडील आणि मी एकत्र बसलो. पदवीला अर्थशास्त्रच घ्यायचे, यावर सर्वांचे एकमत झाले. पहिली पसंती सीयूईटीतून दिल्ली किंवा हैदराबाद, त्याच वेळी अझीम प्रेमजी विद्यापीठ आणि गोखले संस्थेचे अर्ज, आणि यांपैकी काही जमले नाही तर जळगावला प्रवेश, मात्र शहाद्याच्या ताईंनी सांगितलेले दोन प्रश्न विचारल्यानंतरच. कोठेही प्रवेश मिळाला तरी पहिल्या उन्हाळी सुट्टीत ती रावेर आणि यावल तालुक्यांतील महसूल मंडळे, हवामान केंद्रांची ठिकाणे आणि विम्याची भरपाई यांचा तक्ता तयार करणार आहे. त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज कोणाकडे करावा, हे वकील साहेबांना मी स्वतंत्रपणे विचारीन. सीयूईटीचे विषय निवडताना काय काळजी घ्यावी, एवढे कृपया सांगावे.

सेतू_सेवक (जळगाव)

जास्तीत जास्त ५ विषय देता येतात. दिल्ली विद्यापीठ बारावीला घेतलेल्याच विषयांचे गुण धरते, म्हणून एक भाषा, गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र द्यावे. सामान्य क्षमता चाचणीही द्यावी, म्हणजे इतर विद्यापीठांचे पर्याय खुले राहतात. प्रश्नपत्रिका मराठीतूनही मिळते. पण पुढील शिक्षण इंग्रजीत होणार असल्याने माध्यम विचारपूर्वक निवडावे. अर्जातील नाव आधार आणि दहावीच्या प्रमाणपत्राशी अक्षरशः जुळले पाहिजे.

कुटुंब इतर मागास प्रवर्गात असेल तर आपली जात केंद्राच्या यादीत आहे का, हे आधी पाहावे. केंद्रीय विद्यापीठांना केंद्राच्या नमुन्यातील नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र लागते, राज्याच्या नमुन्यातील चालत नाही. ते चालू आर्थिक वर्षातील, म्हणजे १ एप्रिलनंतर काढलेले असावे. तहसील कार्यालयात जून महिन्यात गर्दी होते, म्हणून उत्पन्नाचा दाखला आणि वडिलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची प्रत आताच काढून ठेवा, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अर्ज द्या.